टांकसाळीची चूक की नंतरचा मार? नवख्या नाणेसंग्राहकासाठी

परवा सकाळी पदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला. पाव घेतले, त्याने उरलेले सुटे पैसे हातावर ठेवले आणि सायकल पुढे गेली. बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) उजेडात पाहिलं तर त्यात पाच रुपयांचं एक पिवळं नाणं होतं, २०१४ चं. त्याच्या डाव्या अंगाचा चंद्रकोरीसारखा घास गेलेला. आठच दिवस आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका विक्रेत्याने असंच घास गेलेलं नाणं मला बाराशे रुपयांना देऊ केलं होतं. हातभर अंतरावरून दोन्ही जुळी भावंडं. पण एक टांकसाळीतूनच तसं बाहेर पडलेलं आणि दुसऱ्याला कुणीतरी कानस लावलेली.

हा फरक ओळखायला शिकता येतं. त्यासाठी महागडी पुस्तकं लागत नाहीत, सवय लागते. गोव्यात तर ती फारच लागते. इथे जुन्या घरांत पत्र्याच्या डब्यात पोर्तुगीज काळातली नाणी असतात, देवळांच्या तळ्यांत नाणी पडतात, समुद्राची वाळू नाणी घासते, खारी हवा त्यांना खाते. त्यामुळे विचित्र दिसणारी नाणी आपल्याकडे भरपूर सापडतात. माझ्याकडे लोक ‘एरर आहे का बघ’ म्हणून जी नाणी घेऊन येतात, त्यांतली बहुतेक मार खाल्लेली असतात. घेऊन येणाऱ्याचा चेहरा पडतो तेव्हा मलाही वाईट वाटतं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे.

नाणं हातात आलं की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे टांकसाळीत नेमकं कोणत्या क्षणी घडलं असेल? उत्तर सापडलं तर नाणं पुढे तपासायचं. तसा क्षणच सापडत नसेल, तर ते नंतर घडलेलं आहे. बाकी सगळी तपासणी या एका प्रश्नातून निघते.

आधी नाणं कसं पडतं ते समजून घ्या

धातूची लांब पट्टी यंत्रात सरकते आणि वरून येणारे पंच तिच्यातून गोल चकत्या कापतात. पुऱ्या लाटून वाटीने गोल पाडतो, तसंच. चकत्या तापवून मऊ करतात, आम्लाने धुऊन स्वच्छ करतात, आणि एका यंत्रातून फिरवून त्यांचा काठ थोडा दाबून उंच करतात. मग चकती छापखान्यात येते. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडं. वरचा ठसा कित्येक टनांच्या दाबाने खाली येतो. त्या एका क्षणात चकतीच्या दोन्ही बाजू उमटतात, धातू बाहेर पसरायला बघतो आणि कडं त्याला अडवतं. नाण्याची कड, तिच्यावर दाते असतील तर दातेसुद्धा, या कड्यामुळेच येतात.

इथे दोन शब्द पक्के करून घेऊ. ‘काठ’ म्हणजे नाण्याच्या तोंडावरची गोल उंच किनार. ‘कड’ म्हणजे जाडीची बाजू, जिच्यावर नाणं उभं राहतं. नवखा माणूस तोंडच बघत बसतो. मी नाणं आधी आडवं धरून कड बघतो, कारण खोटं करणारा तिथेच कमी मेहनत घेतो.

आता चुका कुठे होऊ शकतात ते बघा. चकती कापताना: घास गेलेली, फार पातळ किंवा पापुद्रे सुटणारी चकती. ठशात: तडा, तुकडा उडणं, खाचांत वंगण साचणं, ठसा खोबणीत फिरणं. दाबाच्या क्षणी: चकती नीट न बसणं, कडं जागेवर नसणं, आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहणं. एवढंच. पोत्यात भरून बाहेर पडल्यावर जे काही होतं, ते सगळं मारात जमा.

हाताशी काय ठेवायचं

दहापट दाखवणारं भिंग. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, सोनाराकडे असतो तसा. व्यास मोजायला व्हर्नियर, साधा लोहचुंबक, आणि एका बाजूने तिरका प्रकाश पाडता येईल असा दिवा. वरून पडणाऱ्या प्रकाशात उंच काय आणि खोल काय ते कळत नाही, तिरक्या प्रकाशात लगेच कळतं. याशिवाय त्याच वर्षाचं, त्याच प्रकारचं एक धड नाणं शेजारी हवंच. तुलनेला काही नसेल तर निकाल देऊ नका.

वजन आणि व्यास माहीत असावे लागतात. २०११ पासूनच्या मालिकेत रुपया ३.७९ ग्रॅम, दोन रुपये ४.८५ ग्रॅम, पाच रुपये ६ ग्रॅम आणि दहा रुपये ७.७१ ग्रॅम. व्यास अनुक्रमे सुमारे २२, २५, २३ आणि २७ मिलिमीटर. १९९२ ते २००४ मधला पोलादी रुपया मात्र ४.८५ ग्रॅमचा आणि २५ मिलिमीटरचा. म्हणजे वजन आणि व्यासात तो नंतरच्या दोन रुपयांएवढा. हे ठाऊक नसल्यामुळे किती जण जुना रुपया घेऊन ‘दोनच्या चकतीवर एकचा छाप पडलाय’ म्हणत येतात! तसं काही नसतं, त्या रुपयाचं मापच तेवढं होतं. २०१९ पासूनच्या धान्याच्या कणसांच्या मालिकेतही मापं पुन्हा बदलली. रुपया लहान झाला, पाच रुपये २५ मिलिमीटरचे झाले. वजन बघण्याआधी वर्ष बघा.

चुंबकाचा उपयोग धातू ओळखण्यापुरता. रुपया आणि दोन रुपयांची नेहमीची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, तांबं-निकेलची जुनी नाणी आणि पाच रुपयांची पिवळी नाणी चिकटत नाहीत. कुणी तांबूस रंगाचा २०१२ चा रुपया ‘चुकीच्या धातूवर पडलेला’ म्हणून दाखवला, तो चुंबकाला घट्ट चिकटला आणि वजनही बरोबर भरलं, तर त्याला वरून तांब्याचं पाणी चढवलं आहे. खरंच दुसऱ्या नाण्याच्या चकतीवर छाप पडला, तर वजन, व्यास आणि धातू ही तिन्ही त्या दुसऱ्या नाण्याची असतात.

घास गेलेलं नाणं: पदेराचं आणि बाजारातलं

आता त्या दोन नाण्यांकडे येऊ.

पदेराच्या नाण्याचं वजन भरलं ५.७१ ग्रॅम. घास गेला म्हणजे वजन कमी होणारच, पण ते कानशीनेही कमी होतं. त्यामुळे वजनावर मी काहीच ठरवलं नाही. सिंहाची बाजू वर घेतली. डावीकडे ‘भारत’ लिहिलेलं असतं, घास नेमका त्याच्या शेजारी. भिंगाखाली ‘त’ बघितला. त्याचा घासाकडचा भाग तुटलेला नव्हता, तो घासाकडे ओढल्यासारखा पसरत, पुसट होत गेला होता. दाब पडला तेव्हा त्या बाजूला धातूला अडवायला काही नव्हतं, म्हणून तो तिकडे वाहिला आणि अक्षरही त्याच्याबरोबर ओढलं गेलं. अक्षर उमटण्याच्या आधीच घास गेलेला होता, याचा हा पुरावा.

मग नाण्याची बरोबर समोरची बाजू बघितली, जिथे रोमन लिपीत देशाचं नाव असतं. तिथला काठ बोटाच्या टोकालाही बारीक लागत होता. बाकी गोलाभोवती भरीव आणि तेवढ्याच टप्प्यात बसका. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. चकतीचा काठ उंच करणारं यंत्र तिला दोन बाजूंनी दाबत फिरवतं. एका बाजूला घास असेल तर तिथे दाबायला काहीच सापडत नाही, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि काठ नीट उठत नाही. प्रत्येक खऱ्या घासाच्या नाण्यावर हे ठळक दिसेल असं नाही. पण दिसलं तर मन पुष्कळ निवांत होतं, कारण कानस लावणाऱ्याला समोरचा काठ असा बसका करायचं सुचत नाही, आणि सुचलं तरी ते साधणं कठीण.

शेवटी घासाची कड. ती पंचाने कापलेली असते. तिच्यावर एका दिशेच्या रेघा नव्हत्या, टोकांशी ती हळूहळू मूळ कडेत मिसळत होती आणि तिचा रंग बाकी कडेसारखाच मळकट पिवळा होता.

बाजारातल्या नाण्यावर ‘भारत’चा ‘भा’ सरळ मधोमध कापला होता, सुरीने कापावा तसा. उरलेलं अर्धं अक्षर पूर्ण उंचीचं, ताठ. समोरचा काठ भरदार. आणि कड तिरकी करताच एकमेकींना समांतर बारीक रेघा, मध्येच ताजी चकाकी. अक्षर आधी, घास नंतर. मी नाणं परत ठेवलं आणि त्याला कारणही सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं. त्यालाही कुणीतरी फसवलं असावं असं मला वाटलं.

सरळ रेषेत कापलेल्या नाण्यालाही हीच कसोटी. पट्टीच्या टोकाशी पंच पडला तर चकतीची बाजू सरळ येते. ते खरं असू शकतं, पण अक्षरं ओढलेली हवीत.

दोन्ही बाजूंना सिंह: ब्रोकेज

या प्रकारात फसवणूक सर्वांत जास्त होते, म्हणून इथे थोडं थांबू. छापलेलं नाणं कधीकधी बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती येते. तिच्या एका बाजूला दुसरा ठसा नेहमीसारखा उमटतो, दुसऱ्या बाजूला मात्र ठशाऐवजी ते अडकलेलं नाणंच दाबलं जातं. त्यामुळे एका बाजूला सिंह उंच आणि सरळ, दुसऱ्या बाजूला तोच सिंह खोलगट आणि आरशातल्यासारखा उलटा. ‘भारत’ही उलटं. संग्राहक याला ब्रोकेज म्हणतात आणि त्याला चांगली किंमत देतात. म्हणूनच ते घरी ‘बनवलं’ जातं. दोन नाणी एकावर एक ठेवायची, व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंजात) आवळायची किंवा वरून हातोडी घालायची.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी असा १९८९ चा तांबं-निकेलचा रुपया विकत घेतला. किमतीच्या बाजूला खोलगट उलटा सिंह होता. तेव्हा मी सिंहच बघत राहिलो. घरी येऊन तिरक्या प्रकाशात धरलं, तर सिंहाच्या मागे चपटी झालेली कणसाची पानं आणि एकच्या आकड्याचा उभा दांडा दिसत होता. विचारा: टांकसाळीत हे कधी घडलं असतं? खऱ्या ब्रोकेजमध्ये किमतीचा ठसा त्या चकतीपर्यंत पोहोचतच नाही, मध्ये नाणं असतं. मग कणीस आलं कुठून? म्हणजे नाणं आधी पूर्ण झालं आणि मग त्यावर दुसरं दाबलं गेलं. नाणं उलटून खऱ्या सिंहाची बाजू बघितली, तर तिथले उंच भाग एका पातळीत चेपलेले. ती व्हाइसच्या जबड्याची खूण.

म्हणून ब्रोकेज हातात आलं की दोनच गोष्टी बघा. खोलगट चित्राखाली त्या बाजूचं मूळ चित्र थोडं तरी उरलंय का? आणि दुसरी बाजू धड आहे का? मूळ चित्र उरलं असेल, दुसरी बाजू चेपली असेल, तर सोडून द्या. तसंच खोलगट चित्र समोरच्या बाजूचंच हवं. पाच पैशांवर दहा पैशांचं चित्र उलटं दाबलेलं असेल, तर ते कुणाच्या तरी गॅरेजमधलं काम. ॲल्युमिनियमच्या जुन्या पाच, दहा, वीस पैशांच्या बाबतीत जास्तच सावध राहा. तो धातू इतका मऊ, की साध्या हातोडीनेही ठसा उमटतो.

उंच की खोल

ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच येतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कामं सोपी होतात. ठशाला तडा गेला तर तडा म्हणजे ठशातली खाच, तिच्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ती वेडीवाकडी धावते, अक्षरांवरून जाते, मोकळ्या जागेतून जाते. ही डाय क्रॅक, आणि पोलादी नाण्यांत ती पुष्कळ सापडते. पोलाद कठीण, ठशांना लवकर थकवतं. ठशाच्या काठाचा तुकडाच उडाला तर नाण्याच्या काठाला चिकटून धातूचा उंच गोळा येतो. त्याच्या पाठीमागे, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जागी चित्र पुसट असतं, कारण धातू गोळ्याकडे गेला. गोळा आहे पण पाठीमागे चित्र ठसठशीत आहे, तर कुणी वरून धातूचा थेंब टाकलाय का बघा.

ओरखडा मात्र खोल असतो, आणि त्याच्या दोन्ही कडांना ढकललेल्या धातूची बारीक वरंबी असते. नांगराच्या तासाला असते तशी. नखाची बाजू हलकेच फिरवा, अडकते. टांकसाळीतही खोल रेघ येऊ शकते, धागा किंवा तारेचा तुकडा मध्ये सापडला तर. पण तिला वरंबी नसते, कारण तिथला धातू कुणी उकरलेला नसतो, तो दाबला गेलेला असतो.

एखादं अक्षर किंवा वर्षाचा आकडा गायब असला की लोक फार खूश होतात. ठशाच्या खाचेत वंगण साचलं तर अक्षर उमटत नाही, हे खरं. तेव्हा त्या जागेची सपाटी आजूबाजूच्या सपाटीत सलग मिसळते, चमक तीच असते, आणि तिरक्या प्रकाशात बऱ्याचदा अक्षराची पुसट सावली सापडते. खरवडून काढलं असेल तर ती जागा किंचित खोल किंवा वेगळ्या चकाकीची, आणि भिंगाखाली बारीक रेघांची जाळी.

डबल दिसणारी अक्षरं

इथे थोडक्यात. अक्षराच्या बाजूला पायरीसारखी चपटी, चकाकती पट्टी असेल आणि त्यामुळे मूळ अक्षर बारीक झालं असेल, तर छापताना ठसा किंचित हलला होता. हे टांकसाळीतलंच असतं, पण अगदी सामान्य, आणि मी त्याला जास्तीचे पैसे देत नाही. ठसा तयार करतानाच त्यावर चित्र दोनदा बसलं असेल, तर अक्षर जाड होतं, दोन्ही प्रती गोलसर आणि पूर्ण उंचीच्या असतात, कोपऱ्यांत खाच दिसते. हे दुर्मीळ. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते सारखंच येतं, म्हणून तसंच दुसरं नाणं सापडलं तर खात्री वाढते. विक्रेते दोन्हींना ‘डबल’ म्हणतात. तुम्ही म्हणू नका.

फिरलेला ठसा आणि दहाचं नाणं

नवख्याने सुरुवात करायला हा प्रकार उत्तम. भारताचं आताचं नाणं सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं डावीकडून उजवीकडे फिरवा. मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा पूर्ण उलटी आली तर ठसा फिरलेला. थोडासा तिरकेपणा नेहमीचा. पाव वर्तुळ किंवा त्याहून जास्त असेल तर जपून ठेवा. एकजिनसी नाण्यात हे नंतर घडवणं जवळजवळ अशक्य. दोन नाणी कापून जोडली तरच होईल, आणि मग कडेवर सांधा दिसतो.

दहाच्या नाण्यात मात्र खबरदारी घ्या. आतली पोलादी चकती आणि बाहेरचं पिवळं कडं दाबाच्या एकाच क्षणी एकत्र अडकतात आणि त्याच क्षणी दोन्हींवर चित्र उमटतं. म्हणजे चित्र नेहमी सलग हवं. आतलं चित्र बाहेरच्याच्या मानाने फिरलेलं दिसलं, तर कुणीतरी मधली चकती ठोकून काढून परत बसवली आहे. सांध्यावर हत्याराचे ओरखडे सापडतील, आणि बोटाने दाबलं तर कधी ती खुळखुळतेही. छापण्याआधीच चकती तिरकी बसली असेल तर चित्र त्या तिरक्या सांध्यावरूनही अखंड जातं. हे खरं.

आणि चपटं, पसरट नाणं? कडं जागेवर नसताना दाब पडला तर नाणं पसरतं, पण गोल आणि ठसठशीत राहतं, कडेवर दाते नसतात. रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं लांबट होतं, चित्र पुसलेलं असतं. पोरांनी हा खेळ करू नये. जिवाशी खेळ आहे, आणि आपल्या नाणे कायदा, २०११ मध्येही नाणी नष्ट करण्याला मनाई आहे.

आपल्या गोव्याचे मार

मिरामार किंवा कळंगुटच्या वाळूत सापडलेलं नाणं सगळीकडून सारखं निस्तेज, दुधट झालेलं असतं, अक्षरांचे कोपरे गोल होतात. लोक त्याला ‘पुसट छाप’ समजतात. पुसट छापाच्या नाण्यावर मोकळी जागा चकाकते, फक्त चित्र अपुरं असतं. वाळूने घासलेल्यावर सगळंच मंद. खाऱ्या पाण्यात पडलेल्या पोलादी नाण्यावर तांबूस ठिपके आणि बारीक खड्डे येतात. ते खोल, म्हणून नंतरचे. तळ्यातलं, पेटीतलं, कुंकवात राहिलेलं नाणं रंग बदलतं. रंग ही चूक नव्हे.

जुन्या घरातल्या डब्यात पोर्तुगालचा राजा दों लुईस याच्या काळातला १८८१ किंवा १८८२ चा चांदीचा रुपिया निघाला, तर त्याचं वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. अशा नाण्यांना कडी झाळून गळ्यात घालायची पद्धत होती. पुढे कडी काढली जाते, पण राजाच्या डोक्यावर, काठाशी, राखाडी उंचवटा उरतो. तो ‘जास्तीच्या धातूची चूक’ म्हणून विकलेला मी पाहिला आहे. कड बघा. उंचवट्याखालचे दाते वितळून भरून गेलेले असतील, आजूबाजूचा रंग तापल्यामुळे बदललेला असेल, तर ती झाळ. टांकसाळीत उंचवटा आला तर त्याखालचे दाते शाबूत राहतात, कारण कड्याने त्यांना त्याच क्षणी घडवलेलं असतं.

भोकाचंही असंच. १९४३ ते १९४७ च्या ब्रिटिश भारतातल्या भोकाच्या पैशाला टांकसाळीतच भोक होतं, त्याला नीट कडा आहे. बाकी कुठल्याही नाण्याला खिळ्याने किंवा ड्रिलने पाडलेलं भोक म्हणजे कुणाची तरी माळ.

आणखी मागे गेलात, अठराव्या शतकातल्या गोव्यातच पाडलेल्या नाण्यांकडे, तर तिथे ही सगळी मोजपट्टी बाजूला ठेवा. ती हाताने ठोकलेली. चित्र अर्धं बाहेर जाणं, चकती वाकडी असणं, हे त्यांचं नेहमीचं रूप. ‘ऑफ सेंटर एरर’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. पोर्तुगीज नाण्यांत आणखी एक खोच. त्यांतली कित्येक पानासारखी उलटली तर मागची बाजू डोक्यावर येते, ती खालून वर उलटायची असतात. १९५८ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, तेव्हाची तीन आणि सहा एस्कुदोंची नाणी अजून पुष्कळ घरांत आहेत. ठसा फिरलाय म्हणण्याआधी तसंच दुसरं नाणं शेजारी ठेवून पाहा.

आणि एक कळकळीची विनंती. जुनं नाणं चिंचेने किंवा भिंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी घासू नका. तांब्याची घागर उजळते म्हणून आजी नाणंही घासायच्या, मायेनेच. पण त्यात वरचा थर जातो, आणि चूक खरी की खोटी हे सांगणारा पुरावाही तोच थर. मळ असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि मऊ कपड्याने टिपा, घासू नका.

चूक नाहीच, तरी चूक वाटतं

वर्षाखाली खूण नाही म्हणून नाणं दुर्मीळ ठरत नाही. कोलकात्याची टांकसाळ खूणच घालत नाही. मुंबईची हिरकणी, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. ऐंशी-नव्वदच्या दशकांत काही नाणी परदेशातूनही पाडून आणली, त्यांच्या खुणा वेगळ्या. दहा रुपयांच्या नाण्यावर कधी दहा रेषा, कधी पंधरा, म्हणून बाजारात अजून कुणी ते नाकारतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं होतं की तोवर आलेली चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत.

‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने पैसे मागितले जात आहेत, आपण असं काही करत नाही, हेही रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

घरी एक डबा मार खाल्लेल्या नाण्यांसाठीच ठेवा. कानस लावलेलं, चेपलेलं, जळालेलं, जे फुकट किंवा दर्शनी किमतीत मिळेल ते. नवीन नाणं आलं की आधी या डब्यातल्या नाण्यांशी ताडून बघा. माझा तो व्हाइसमधला १९८९ चा रुपया त्याच डब्यात आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तो आधी दाखवतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, त्यातून हिरवा चिकटा सुटतो.

पदेराचं नाणं मी पुठ्ठ्याच्या चौकोनी पाकिटात बंद केलं. त्यावर लिहिलं: पाच रुपये, २०१४, मुंबई, ५.७१ ग्रॅम, घास ‘भारत’च्या बाजूला, समोरचा काठ बसका, सुट्ट्या पैशांत मिळालं. दुसऱ्या दिवशी पदेर आला तेव्हा ते त्याला भिंगातून दाखवलं. त्याने टोपलीवरचा कपडा नीट केला, सायकल स्टँडवर लावली आणि ‘त’ कुठे ओढला गेलाय ते बराच वेळ शोधलं.